वाटाड्या आणि वाटसरू

अल्प मोलाची वस्तू विकत घेताना माणसाने किती विचार करावा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. पादत्राण घ्यावयाचे तर ते पायाला बसते की नाही आणि खिशाला झेपते की नाही, एवढे पाहिले की पुरे. परंतु काही वस्तू अशा असतात की, त्या घेताना आपण दुकानदाराला पैसा तर देतोच, शिवाय निर्णय करण्याचा आपला अधिकारही थोडाफार त्या वस्तूच्या हाती सोपवितो. अशा वस्तूची निवड हा मग नीतीचाही प्रश्न होऊन बसतो. मोटारसायकलवरून दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या, बेताच्या मिळकतीच्या माणसाने वाट दाखविणारे यंत्र कोणते घ्यावे, हा आमच्या मते असाच एक प्रश्न आहे. तो किरकोळ वाटतो, म्हणूनच त्याकडे थोडे बारकाईने पाहावे असे आम्हांस वाटते.

दिल्लीत मुनिरक्याला राहून केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत कारकुनी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींत हा प्रश्न दरवर्षी निघतो. मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता बर्फातून मोकळा झाल्याची वार्ता आली, की जेवणाच्या सुट्टीत डब्यांच्या शेजारी नकाशे उघडले जातात. सरकार रजा प्रवास सवलत देते. पण स्वतःच्या वाहनाने केलेल्या प्रवासाचा खर्च तीत सामान्यतः बसत नाही. तेव्हा हा सारा हौसेचा मामला पदरच्या पैशानेच उरकावा लागतो. पेट्रोल, मुक्काम आणि गाडीची डागडुजी यांचा हिशेब झाल्यावर यंत्रासाठी जे उरते ते थोडेच असते. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून कनिष्ठ लिपिकाचे आरंभीचे मूळ वेतन दरमहा १९,९०० रुपये ठरविले. दुचाकीसाठी खास बनविलेले, पाण्यापावसाला आणि हादऱ्यांना दाद न देणारे चांगले परदेशी यंत्र घ्यावयाचे, तर एवढी रक्कमही पुरत नाही. परवडणे हा शब्द आम्ही वापरतो तो असा प्रत्यक्ष बेरीज-वजाबाकी करून वापरतो.

पर्याय मुख्यतः चार आहेत. पहिला हे खास यंत्र. दुसरा, गाडीबरोबरच मिळणारी दर्शनी तबकडी. रॉयल एनफील्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिऑर ही गाडी बाजारात आणली तेव्हा तिच्यावर ‘ट्रिपर’ नावाची अशी एक छोटी तबकडी दिली होती. फोनाशी जोडली, की पुढचे वळण कोणत्या हाताला आणि किती अंतरावर, एवढेच ती बाणाने दाखविते. तिसरा पर्याय म्हणजे खिशातला फोनच हँडलला पकड लावून बसविणे. करोल बागेतील मोटारसायकलच्या सामानाच्या बाजारात अशा पकडी हव्या तितक्या मिळतात. मात्र मोठ्या इंजिनाच्या सततच्या थरथरीने फोनातील कॅमेऱ्याचे नाजूक भाग बिघडू शकतात, असा इशारा अॅपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. म्हणून जाणती माणसे अशा कामी जुना, दुय्यम फोन वापरतात. चौथा पर्याय सर्वांत जुना व सर्वांत स्वस्त: कागदाचा नकाशा आणि तोंडातली जीभ. आमच्या मंडळींची चर्चा बहुधा किंमत, पडद्याचा आकार आणि विद्युत्संचयाचे तास यांपाशी संपते. परंतु या चार पर्यायांत आणखी एक भेद आहे, आणि तो दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. प्रत्येक पर्याय वाटसरूचा निर्णय वेगवेगळ्या प्रमाणात आपल्याकडे घेतो. किंमत ठरविताना हाही आकडा धरावा की नाही, हा आमचा प्रश्न आहे.

तो सोडविण्यासाठी हे यंत्र वस्तुतः काय करते ते प्रथम पाहिले पाहिजे. ‘उपग्रह वाट दाखवितो’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु ते खरे नाही. अमेरिकेचे जी.पी.एस. उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येकाजवळ आण्विक घड्याळ असते, आणि तो अखंड एवढेच सांगत असतो, की मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे. निदान चार उपग्रहांचे हे सांगणे आपल्यापर्यंत पोचायला किती अवधी लागला, यावरून आपल्या हातातले यंत्र स्वतःचे स्थान गणिताने काढते. प्रकाश एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात सुमारे ३०० मीटर जातो. म्हणून घड्याळात तितकी चूक झाली तरी अंतराचा अंदाज तितकाच हुकतो. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार आकाशातील ही घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही तफावत आधीच जमेस धरली नसती, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक घोळ झाला असता. एवढा सारा खटाटोप कशासाठी, तर ‘तू येथे आहेस’ या तीन शब्दांसाठी! ‘तू तिकडे जा’ हे उपग्रह कधीच म्हणत नाही. त्याला आमची वाट ठाऊक नाही. किंबहुना आम्ही अस्तित्वात आहोत हेही त्याला ठाऊक नाही. तो बोलतो, आम्ही ऐकतो. उलट दिशेने काहीच जात नाही.

म्हणून ज्याला आपण एक यंत्र म्हणतो त्यात खरोखर तीन निरनिराळे पक्ष असतात. स्थान आकाश सांगते. रस्ते नकाशा सांगतो. आणि त्या रस्त्यांपैकी अमुक धर असे सांगतो तो कोणा कंपनीने रचलेला हिशेब. या तिघांचा आवाज मात्र हेल्मेटच्या आत एकच ऐकू येतो, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. आकाशाचे सांगणे फार विश्वासाचे असते. त्याची पुण्याई मग नकाशाला आणि हिशेबालाही फुकट लाभते. मुनिरका गावाच्या आतल्या गल्ल्यांत शिरून पाहावे. चार-चार, पाच-पाच मजल्यांची घरे एकमेकांकडे झुकलेली, वर आकाशाची एक चिंधोटी. तेथे उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि पडद्यावरचा ठिपका या गल्लीतून त्या गल्लीत उड्या मारू लागतो. त्या वेळी यंत्राची अडचण निदान डोळ्यांना दिसते. परंतु नकाशा जुना झाला, की काहीच दिसत नाही. ठिपका जागच्या जागी स्थिर असतो, बाण ठाम असतो, आणि समोरचा रस्ता नाहीसा झालेला असतो.

येथे दोन दुर्घटनांचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाचा फुगवटा वर्षातील काही महिने तेथील जुन्या पुलावर चढतो. नकाशातील रेघेवर मात्र कधीच पाणी चढत नाही. दोघे पोहून वाचले, गाडी चालविणारा बुडाला. पुढे २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील एका तुटक्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे जण मृत्यू पावले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता. वाट बंद करणारा पक्का अडथळा तेथे नव्हता, आणि फोनातील नकाशात पूल शाबूत होता. पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशा पुरविणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदविला. न्यायाच्या दृष्टीने दोष कोणाकडे किती जातो, ते न्यायालयाने पाहावे. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. वाट सांगितली कोणी, आणि धरली कोणी?

आमच्या धंद्यात या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे. कचेरीत कागद आला, की साहाय्यक त्यावर टिपणी लिहितो: प्रकरण असे आहे, नियम असा आहे, पूर्वी असे केले होते, सबब अमुक करावे. खाली त्याची सही असते. वरचा अधिकारी ती वाचतो, हवी तर शंका काढतो आणि मग आपली सही करतो. सल्ला देणारा आणि निर्णय करणारा अशा दोन सह्या, दोन नावे आणि दोन तारखा कागदावर राहतात. पुढे काही विपरीत झाले, तर कोणाची नजर कोठे चुकली ते शोधता येते. या पद्धतीला लोक हसतात, आणि ती हसण्याजोगी संथ आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिच्यामागे एक गंभीर नैतिक कल्पना आहे. ती अशी, की ज्याने सांगितले त्याला नाव असावे, आणि ज्याने केले त्याने वाचलेले असावे. वाट दाखविणाऱ्या यंत्राने या दोन्ही अटी एकाच वेळी ढिल्या केल्या. सांगणाऱ्याची सही नाही, कारण तो एक माणूस नव्हे. आणि धरणाऱ्याने वाचलेले नाही, कारण वाचावे लागू नये म्हणूनच तर यंत्र घेतले. मधल्या मध्ये जबाबदारी नाहीशी होते. न वाचता सही करणारा अधिकारी आळशी ठरतो. न पाहता वळणारा वाटसरू मात्र आधुनिक ठरतो!

यावर कोणी म्हणेल, की मग जुनेच बरे. यंत्र फेकून द्यावे आणि माणसाला विचारीत जावे. हे बोलणे गोड आहे, आणि आमच्या पिढीतील लेखकांना असे गोड बोलण्याची सवयही आहे. परंतु इतिहास तितका गोड नाही. आमच्याकडे वाटाड्या हा शब्द आहे. तो वाटाड्या कोण असे? गावात परका अधिकारी आला, की त्याच्यापुढे चालून त्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचविणे, हे वतनी गावगाड्यात महारांच्या गळ्यात बांधलेल्या अनेक कामांपैकी एक काम होते. सरकारी निरोप नेणे, हद्दीच्या खुणा सांगणे, ओझी वाहणे यांच्याच जोडीला वाट दाखविणे येई. ऊन असो की पाऊस, नाही म्हणण्याची सोय नसे, आणि मोबदला नावापुरता. या वतनाची बेडी तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. घोड्यावरच्या साहेबाला वाट सोपी झाली, ती पायी चालणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या दिवसाची मजुरी बुडवून. हातातल्या यंत्राने निदान कोणाला वेठीस धरलेले नाही, ही त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे.

आजही विचारण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. परगावच्या पारावर गाडी थांबवून ‘मामा, राजूरला हीच वाट का?’ असे विचारणाऱ्या आम्हां पुरुषांना फार तर चहाचा आग्रह होतो. एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलीला तोच प्रश्न विचारताना आपण एकटी आहोत आणि कोठे चाललो आहोत, या दोन्ही गोष्टी उघड कराव्या लागतात. मुनिरक्यातच भाड्याने राहणाऱ्या ईशान्य भारतातील तरुण-तरुणींना रस्ता विचारला की उत्तराऐवजी ‘तुम्ही कुठले?’ असा उलट प्रश्न कितीदा ऐकावा लागतो, ते त्यांनाच विचारावे. यंत्र गाव, जात, चेहरा यांपैकी काही पाहत नाही. ज्याला माणसांच्या नजरेची धास्ती आहे त्याला यंत्राचे हे आंधळेपण म्हणजे मोठी मोकळीक वाटते. ती मोकळीक आम्ही थोडी मानीत नाही.

असे असूनही माणसाच्या सांगण्यात एक गुण आहे, आणि तो यंत्रात अद्याप आलेला नाही. उत्तर हिंदुस्थानात वाट विचारणाऱ्या प्रत्येकाने एक वाक्य ऐकलेले असते: ‘आगे से पूछ लेना.’ आपल्याकडचा शेतकरीही फाट्यापर्यंतची वाट सांगून ‘पुढं कुणालाबी इचारा’ म्हणून मोकळा होतो. आम्हांस हे वाक्य फार मोलाचे वाटते. सांगणारा त्यात आपल्या ज्ञानाची शीव दाखवून देतो. येथपर्यंत मला ठाऊक आहे. त्यापुढे मी सांगत नाही, त्यापुढचा जाणकार वेगळा आहे. चांगल्या टिपणीतही असेच एक वाक्य असते, की या बाबतीत माहिती उपलब्ध नाही. यंत्राला हे वाक्य येत नाही. परवा मोजलेला राजमार्ग आणि वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेली गाडीवाट, दोन्ही ते एकाच शांत, आर्जवी आवाजात सांगते. त्याचे ज्ञान कमी आहे ही आमची तक्रार नाही. ते कोणाही एका माणसापेक्षा शतपटीने अधिक आहे. त्याला आपल्या अज्ञानाचा सूर लावता येत नाही, एवढीच तक्रार आहे. आणि ज्याला अज्ञानाचा सूर लावता येत नाही त्याच्या ज्ञानाचेही वजन आपल्याला नीट करता येत नाही.

माणसाला विचारले म्हणजे वाटेबरोबर वार्ताही मिळते, ही दुसरी गोष्ट. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते द्रव्यार्जनासाठी. पुढे केवढा वणवा पेटणार आहे याची पहिली कुणकुण त्यांना महूच्या वाटेवर भेटलेल्या शिपायांकडून लागली. १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण आज वाचतो. वाट ही केवळ भूमीवरची रेघ असती, तर नकाशा पुरला असता. परंतु वाट रोज बदलते. पूर येतो, दरड कोसळते, यात्रा भरते, दंगल होते. कोतूळच्या पुलावर त्या महिन्यांत पाणी असते, हे तेथल्या कोणाही माणसाने विचारताच सांगितले असते. पण रात्रीच्या वेळी विचारावे असे कोणी रस्त्यावर नसते, हेही तितकेच खरे. तेव्हा माणूस की यंत्र, असा झगडा लावण्यात अर्थ नाही. विचारण्याची सवय आणि विचारण्याची वेळ या दोन्ही आपण गमावून बसता कामा नये, एवढाच मुद्दा आहे.

आता स्वस्ताईचा विचार करू. फोनातील नकाशा फुकट मिळतो असे आपण म्हणतो. या फुकटपणाचे दोन भाग आहेत, आणि ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. आकाशातून येणारा संदेश खरोखरच विनामूल्य आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही लष्करी व्यवस्था पुढे सर्वांना वापरू देण्याचे जाहीर केले. मे २००० पर्यंत नागरी संदेशात मुद्दाम थोडी अशुद्धता मिसळली जात असे. तीही मग थांबविण्यात आली. दुसऱ्या देशाच्या करदात्याने भरलेल्या पैशावर आम्ही मुनिरक्याहून लेहला जातो, हे ऋण मानले पाहिजे. परंतु ज्याने दिले त्याला ते आवरूनही घेता येते, हे उघड आहे. म्हणूनच आपल्या इस्रोने जुलै २०१३ ते एप्रिल २०१६ या काळात सात उपग्रह सोडून स्वतःची व्यवस्था उभी केली. तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. तिची वाट सोपी गेली नाही. परदेशातून आणलेली आण्विक घड्याळे एकामागून एक निकामी होत गेली; मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात देशी घड्याळ बसविले गेले; जानेवारी २०२५ मधील उपग्रह सुटला, पण इच्छित कक्षेत पोचू शकला नाही. स्वावलंबन हे किती महाग असते, ते या दशकाच्या हिशेबावरून कळावे. फुकट मिळणाऱ्या वस्तूपेक्षा ते महाग पडते, म्हणून अनावश्यक ठरत नाही.

फुकटपणाचा दुसरा भाग फोनातला. उपग्रहाला आमचा पत्ता नसतो, पण फोनातील नकाशाला असतो. आम्ही कोठून निघालो, कोठे थांबलो, किती वेगाने गेलो, याची नोंद ठेवून कंपन्या आपला व्यवहार चालवितात. त्या नोंदींतूनच रस्त्यावरील गर्दीचा अंदाज निघतो आणि तो आम्हांलाही उपयोगी पडतो, तेव्हा यात केवळ लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. हा एक सौदा आहे. तो सौदा आहे एवढे ठाऊक असावे. याहून निराळा मार्गही आहे. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या उपक्रमात जगभरचे हौशी लोक आपापल्या गावचे रस्ते स्वतः नोंदवितात, आणि त्यावर आधारलेले नकाशे फोनात उतरवून घेतले, की इंटरनेट नसतानाही चालतात. एकेकाळी भारताचा नकाशा ही सरकारी मिरास होती. सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १७६७ सालची. लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेली महान त्रिकोणमितीय मोजणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. आणि नकाशे करण्यावरील पुष्कळशी बंधने उठली ती थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. आज कोतूळचा एखादा विद्यार्थीही आपल्या पुलाची पावसाळ्यानंतरची हकीगत नकाशावर लिहू शकतो. नकाशात नाव असलेला माणूस परत येण्याची ही एक शक्यता आहे.

एवढ्या विचारानंतर आमच्यापुरता जो निर्णय निघतो तो असा. बेताच्या मिळकतीच्या प्रवाशाने खास यंत्राच्या मागे लागू नये. जुना फोन, बळकट पकड, गाडीच्या बॅटरीवरून वीज घेणारी संरक्षक तारेसह जोडणी आणि आधी उतरवून ठेवलेला नकाशा एवढे पुरते. फोनातील ग्राहक भाग इंटरनेटवाचूनही आपले स्थान काढू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि त्यामुळे डोंगरात दूरध्वनीची लहर गेली की यंत्रही गेले असे ते समजतात. लडाखात बाहेरची पूर्वभरणा जोडणी चालत नाही. पण उतरवलेला नकाशा चालतो. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या, सुमारे नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्यात उपग्रहही दिसत नाहीत. तेथे फक्त सरळ जाणे असते, आणि ते कोणालाही समजते. उपग्रहाकडे संदेश पाठविणारी परदेशी उपकरणे मात्र परवान्याशिवाय बाळगू नयेत; आपल्या देशात तो गुन्हा आहे. ऐकणारे यंत्र वेगळे आणि बोलणारे वेगळे.

परंतु याहून महत्त्वाचा नियम सामानाचा नसून वापराचा आहे, आणि तो आम्ही कचेरीतून उसना घेतो: सही करण्यापूर्वी वाचावे. आदल्या रात्री मुक्कामी बसून उद्याची सबंध वाट नकाशावर पाहावी. नद्या कोठे ओलांडायच्या, घाट कोठे लागतो, शेवटचे पेट्रोल कोठे, हे कागदावर टिपून घ्यावे. ज्या यंत्रावर पुढचे वळण तेवढे दिसते आणि सबंध वाट दिसत नाही, ते एकटे पुरेसे मानू नये. कारण ते आपल्याकडून सही घेते, पण टिपणी दाखवीत नाही. दिवसातून निदान एकदा, यंत्र बरोबर सांगत असतानाही, वाटेवरच्या माणसाला विचारावे. एरवी गरज पडेल त्या दिवशी कसे विचारावे ते आठवणार नाही. पूल, बंधारा किंवा काळोखातली कच्ची वाट आली, की बाणापेक्षा डोळ्यांना मान द्यावा, आणि डोळ्यांना दिसत नसेल तर थांबावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीने गाडी चालविताना हातातील फोन केवळ वाट पाहण्यापुरता, आणि तोही चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्याची मुभा दिली आहे. कायद्याने चित्ताचा उल्लेख करावा, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. चित्त कोणाच्या ताब्यात आहे, हाच तर मूळ प्रश्न आहे.

परवडणे म्हणजे केवळ पैसे पुरणे नव्हे. जी सोय घेतल्यावर आपला निर्णय आपल्याजवळ शिल्लक राहतो, ती परवडली; जी घेतल्यावर तो राहत नाही, ती फुकट मिळाली तरी महाग पडली. स्थान आकाशाने सांगावे, रस्ते नकाशाने सांगावेत, वार्ता वाटेवरच्या माणसाने सांगावी; या तिघांचे ऋण मानावे आणि त्यांपैकी कोणालाही वेठीला धरू नये. मात्र गाडीचे हँडल ज्या हाताने वळते त्या हाताची सही दुसऱ्या कोणाला करू देऊ नये. वाटाडे अनेक असू शकतात. वाटसरू एकच असतो.